तू हो पुढं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच सोडून द्यावी, माझा राग नाही.

पारमिता माझी मावसबहीण. निपाणीत राहते, सरकारी मराठी शाळेत शिकवते. तिला विचारूनच लिहितोय. तिनं हे मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा दिवसाउजेडी, आणि दोन्ही वेळा माझा फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावून.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शनिवार. वेळ साडेतीनची.

दुपारचे साडेतीन. रात्र नाही, अमावस्या नाही, पिंपळ नाही. बाहेर ऊन रखरखत होतं.

आधी एक सांगतो. पारमिताच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. तिचे वडील सत्याप्पा मास्तर पोरांना घेऊन भर अमावस्येला स्मशानातनं चालत जायचे. "भूत डोक्यात असतंय, बाहेर न्हाय," म्हणायचे. उतारा, अंगारा, लिंबू-मिरची यातलं काहीही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. सासरही तसंच. म्हणून तर हे तिनं मलाही सहा महिने सांगितलं नव्हतं.

दीपाली तिची मैत्रीण. बेळगावात डी.एड. करताना दोघी एका खोलीत होत्या. पहिल्या दिवशी जेवायला बसल्यावर खोलीतल्या दुसऱ्या दोघी आपापले डबे उचलून जरा लांब सरकल्या. का, ते पारमिताला कुणी सांगायची गरज नव्हती. आडनाव सांगितल्यावर असं होतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

दीपाली सरकली नाही. उलट जवळ आली आणि पारमिताच्या डब्यातली भाकरी मोडून खायला लागली.

"तुझ्या आईच्या हाताला लई चव हाय गं, पारू."

पारू हे नाव तिनंच पाडलं. तिच्याशिवाय त्या नावानं तिला कुणीच हाक मारत नाही.

पुढं दीपालीचं लग्न संकेश्वरात झालं, पारमिताचं निपाणीत. मध्ये फक्त तवंदीचा घाट. एसटीनं पाऊण तास. दोघींच्याही शाळा शनिवारी सकाळच्या. त्यामुळं एका शनिवारी ही तिकडं, एका शनिवारी ती इकडं. दीपाली आली की कॉटवर बसायची नाही. दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसायची आणि संध्याकाळच्या बसपर्यंत बोलत राहायची.

मग पारमितानं इन्स्टाग्रामवर पेज काढलं. पोरांना कविता कशा शिकवायच्या, त्याचे छोटे व्हिडिओ. गुणाची बाई, गळा गोड. बघता बघता चौदा हजार माणसं जोडली गेली. लातूरची, सोलापूरची, दुबईतलीसुद्धा. एकाही कमेंटला उत्तर दिल्याशिवाय ती झोपायची नाही.

"पारू, कवा येतीस?" असा दीपालीचा मेसेज यायचा.

पारमिता लाल बदाम पाठवायची.

"या शनवारी ये की गं."

"नक्की!" आणि पुन्हा बदाम.

अशी दोन वर्षं गेली. एका घाटाच्या अंतरावर राहून दोन वर्षं भेट नाही. पण वाढदिवसाला पोस्ट पडायची, फोटोंखाली "माझी जान" पडायचं. मैत्री चालूच आहे, असं दोघींनाही वाटत होतं. निदान पारमिताला तरी.

तर तो शनिवार.

नवरा भीमरत्न कामावर बेळगावला. सासू तानीबाई आतल्या खोलीत नातीला घेऊन आडव्या झालेल्या. आतल्या आणि पुढच्या, दोन्ही दारांना फक्त पडदे. पारमिता बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून फोन बघत होती. सकाळी टाकलेला व्हिडिओ जोरात चालला होता. चारशे कमेंटी. ती एकेकीला उत्तर देत होती.

फाटकाची कडी वाजली…

पडदा सरकला.

"पारू…"

"ये गं, ये. बस." पारमितानं मान वर केली नाही. "एवढं एक झालं की झालंच बघ."

दाराजवळ कुणीतरी भिंतीला टेकून बसलं. फोनच्या कडेवरून, नजरेच्या टोकाला तिला दिसली ती हिरव्या साडीची किनार. आणि दोन पावलं. बोटांत जोडवी. पावलं एकमेकांना घट्ट जुळवून ठेवलेली.

दीपाली बोलायला लागली.

पारमिता म्हणत होती, "हं… हं… व्हय?… खरंच की गं…"

बोट वर सरकत होतं. एक फोटो आला. डी.एड.ची बॅच, कॉलेजच्या पायऱ्यांवर. बॅचमधल्या आरोहीनं टाकलेला. वर मोठा मजकूर होता, तो काही तिनं उघडून वाचला नाही. फोटोत दीपाली तिच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. पारमिताला भरून आलं. तिनं लगेच खाली लिहिलं…

"माझी दीपा! किती दिवस झाले गं भेटून. भेटू या लवकर."

आणि दीपा चार हातांवर बसून बोलत होती.

"याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते," पारमिता मला म्हणाली. "बाकी सगळ्याची भीती वाटते. याची लाज वाटते."

वीसेक मिनिटं गेली असतील. मग आवाज थांबला. दीपालीनं काहीतरी विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती, एवढं पारमिताला कळलं. तिनं फोनमध्ये बघतच काहीतरी उत्तर दिलं.

पुन्हा शांतता.

जरा जास्तच शांतता…

तिनं मान वर केली. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

"दीपा? आत गेलीस व्हय?"

स्वयंपाकघरात नाही. मोरीत नाही. ती फाटकापर्यंत गेली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. दाराबाहेर चपलांचा जोड फक्त तिचा आणि सासूचा.

रुसून गेली असेल, असं वाटून तिनं फोन करायला घेतला. तोवर स्क्रीनवर सूचनांची रांग लागली होती. त्याच फोटोखाली लोक लिहीत होते.

"भावपूर्ण श्रद्धांजली."

"दीपाली, एवढी घाई का केलीस गं?"

"विश्वास बसत नाही."

आता तिनं आरोहीचा मजकूर उघडला. आमची दीपाली आज सकाळी अकरा वाजता बेळगावात दवाखान्यात आपल्याला सोडून गेली. छातीत दुखायला लागलं म्हणून नेलं होतं…

आणि त्या सगळ्या श्रद्धांजल्यांच्या मधोमध पारमिताची ओळ होती. भेटू या लवकर.

ती आहे तिथंच फरशीवर बसली.

आतून तानीबाईंचा आवाज आला. "पारमिता, कोण आलतं गं?"

"का, आत्ती?"

"तू एकटीच बोलत हुतीस. हं हं करत हुतीस. फोनवर हुतीस न्हवं?"

"आत्ती… दुसरा आवाज न्हाय ऐकला तुम्ही?"

"न्हाय बा. तुझाच तेवढा. शेवटी म्हणालीस न्हवं, तू हो पुढं, मी आलेच मागनं म्हणून. कुठं जायाचं हाय?"

पारमितानं दाराजवळच्या भिंतीकडं बघितलं.

आपण काय उत्तर दिलं, ते तिला आत्ता कळलं होतं. प्रश्न काय होता, ते मात्र कळलं नव्हतं.

ती अंत्यविधीला गेली नाही. जायला निघाली, चप्पल घातली आणि दारातच थांबली. मी मागनं येते म्हणाले होते, आता निघाले तर कुठं पोचेन, असं मनात आलं म्हणे. सत्याप्पा मास्तरांच्या लेकीच्या मनात असं यावं.

त्याऐवजी तिनं दीपालीवर पोस्ट लिहिली. दोन हजार माणसांनी ती पसंत केली. "अशी मैत्री नशिबात असावी लागते," असं एकीनं लिहिलं. ते वाचल्यावर पारमितानं फोन उलटा करून ठेवला.

पुढचा शनिवार.

शाळा सुटायला अजून वेळ होता. पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या मनुबाई वर्गाच्या दारात आल्या.

"बाई, तुमची पाव्हणी फाटकात हुबी हाय."

"कोण?"

"मला काय ठावं? आत या म्हटलं तर येईना. 'ती येते म्हणालीय, मी थांबते,' म्हणली."

पारमिताच्या हातातला खडू खाली पडला. "साडी… कसली हाय?"

"हिरवी."

ती फाटकाकडं गेली नाही. सगळी पोरं गेल्यावर मागच्या दारानं घरी आली.

भीमरत्नला तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तिचा हात धरला, म्हणाला, "तू झोपत न्हाईस. फोन आठ दिवस बंद ठेव." चांगला माणूस. त्याचंही चूक नव्हतं.

बाराव्याला मात्र जायचंच, असं तिनं ठरवलं. सकाळची बस. फारशी गर्दी नव्हती, तिच्या शेजारची जागा रिकामी. कर्नाटकात बायकांना बस फुकट, पण कंडक्टर आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट देतो. तिनं कार्ड दाखवलं, "संकेश्वर," म्हणाली.

कंडक्टरनं दोन तिकिटं तिच्या हातात ठेवली.

"ओंद री," ती म्हणाली. एकच द्या.

त्यानं कानडीतच उत्तर दिलं. त्यांचं आधार बघितलं की आत्ता. आणि तो पुढं गेला.

शेजारची जागा रिकामीच होती…

घाट उतरेपर्यंत पारमितानं मान वळवली नाही.

संकेश्वरात बाराव्याची गडबड होती. दीपालीची आई गुणाबाई मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ एकटीच बसलेली. पारमिता तिच्यापाशी गेली आणि रडली. मग काहीही न लपवता सगळं सांगितलं.

गुणाबाई रडली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती वाजता आलती म्हणालीस?"

"साडेतीनला."

"साडेतीनलाच तिला हितं न्हाऊ घातलं. हिरवी साडी नेसवली. मीच नेसवली."

टाकीत नळाचं पाणी पडत होतं. तेवढाच आवाज.

"वीस मिनटं बसली व्हय तुझ्याजवळ?"

"व्हय, मावशी."

"काय म्हणाली?"

पारमिता टाकीतल्या पाण्याकडं बघायला लागली.

"एखादा शब्द तरी असंल की गं. माझं नाव काढलं?"

"मावशी, माझं लक्ष नव्हतं."

"बरं, दिसत कशी हुती? दमली हुती? का हसत हुती?"

"मी… तोंड बघितलं न्हाय."

गुणाबाई तिच्याकडं बघत राहिली. "गेल्यावर माझी लेक माझ्याकडं आली न्हाय. दाल्ल्याकडं गेली न्हाय. तुझ्याकडं आली. आणि तू तोंडबी बघितलं न्हाईस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पारमिता म्हणते.

तिनं शेवटी ते शब्दही सांगितले. तू हो पुढं, मी आलेच मागनं.

गुणाबाईनं तिचं मनगट पकडलं. बोटं रुतली.

"असंच म्हणालीस? ह्याच शब्दांत?"

"आत्तींनी ऐकलं."

"मग ती थांबलिया. तुझ्यासाठी थांबलिया." गुणाबाईचा श्वास जोरात चालला होता. "हे बघ पोरी, परत आली तर मान खाली घालू नगंस. तिच्या तोंडाकडं बघ आणि न्हाय येत म्हणून सांग. मनातल्या मनात न्हाय, लिहून न्हाय. तोंडावर सांग."

तिसरा शनिवार.

पारमितानं तानीबाईंना आणि मुलीला शेजारी पाठवलं. फोन बंद करून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. दार उघडं, पडदा सोडलेला. ती कॉटवर बसली.

तीन वाजले.

सव्वातीन.

वर पंखा घरघरत होता. लांब कुठंतरी ट्रॅक्टरवर गाणं वाजत होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला.

फाटकाची कडी…

"पारू…"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपली मान खाली आहे. हातात फोन नव्हता. रिकाम्या तळहाताकडं ती बघत बसली होती.

मान वर करायची. एवढंच काम. पण मानेवर कुणी पाट्याचा दगड ठेवलाय असं वाटत होतं. दाराजवळची पावलं दिसली. जुळवलेली. मग साडी. मांडीवर ठेवलेले हात. मग हनुवटी…

आणि चेहरा.

दीपालीच होती. डोळे पांढरे नव्हते, रक्त नव्हतं, काही नव्हतं. रोजच्यासारखी, बोलताना भुवया उडवायची तशीच उडवत बोलत होती.

पण आवाज येत नव्हता.

ओठ हलत होते. जीभ हलत होती. शब्द काही येत नव्हता. आणि मग पारमिताला जाणवलं की पंखा फिरतोय पण त्याचाही आवाज नाही. ट्रॅक्टरचं गाणं नाही. कशाचाच आवाज नाही.

"दीपा," ती म्हणाली, "मी न्हाय येत. माझी पोरगी ल्हान हाय. माझं चुकलं गं. मी न्हाय येत."

हे बोलली, का नुसतं तोंड हलवलं, ते तिला आजही सांगता येत नाही. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नव्हता.

दीपाली बोलायची थांबली. तिनं हिच्याकडं बघितलं, नंतर पोरगी रोज दुपारी झोपायची त्या आतल्या खोलीकडं. मग तिनं एकच काहीतरी म्हटलं. पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा तिसऱ्यांदा तेच. सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं.

पारमितानं पापणी लववली नाही. यावेळी तिनं सगळं बघितलं.

मग दीपाली उठली आणि गेली. पडदा हलला नाही.

पंख्याची घरघर परत आली. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

त्यानंतर फाटकात कुणी उभं राहिलं नाही. बसमध्ये दुसरं तिकीट कुणी दिलं नाही. एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

तिसऱ्यांदा बघितलेले ते ओठ पारमिताच्या डोळ्यांसमोरून जाईनात. ती आरशासमोर उभी राहून तशीच तोंडाची हालचाल करून बघायची. आधी ओठ मिटायचे, मग थोडे उघडायचे, मग पुढं यायचे. पण शब्द काय ते कळेना. महिनाभरानं ती वडगावला गेली. गुणाबाईकडं, दीपालीच्या माहेरी.

गुणाबाईच्या घरात पुढच्या खोलीत कापड विणायचे दोन माग. दिवसभर खटखट चालू. आत शिरलं की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण मागावरच्या बायका ओरडत बसत नाहीत. त्या नुसते ओठ हलवतात आणि समोरची वाचते. गुणाबाईची तीस वर्षं त्यातच गेलेली.

पारमिता तिच्यासमोर उभी राहिली. "मावशी, तिनं हे म्हटलं," असं सांगून तिनं ओठांनी तसंच करून दाखवलं.

गुणाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. लेकीची बोलायची ढब ओळखू आली असावी.

तिनं खूण केली. परत.

पारमितानं परत केलं.

हसू जिथल्या तिथं थांबलं. गुणाबाई मागापासून दोन पावलं पुढं आली. तिची नजर पारमिताच्या ओठांवरून हलत नव्हती. बोटानं पुन्हा खूण केली. परत.

तिसऱ्यांदा पारमिताचे ओठ मिटले, थोडे उघडले…

आणि गुणाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. तेलाचा आणि सुताचा वास असलेला हात. जोरात. मान नाही नाही हलवत.

तिनं माग बंद केले नाहीत. त्या खटखटाटातच काहीतरी बोलली, पण पारमिताला ओठ वाचता येत नाहीत.

बाहेर आल्यावर पारमितानं विचारलं, "काय म्हणत हुती, मावशी?"

"काय न्हाय. जेवून जा."

"मावशी, तुम्हाला माझी शपथ."

"तू न्हाय म्हणालीस न्हवं तिला? मग झालं." हे म्हणताना गुणाबाई चुलीकडं बघत होती. "आता परत तसं तोंड करू नगंस. आरशासमोर तर न्हायच."

पारमिता आता महिन्यातनं एकदा वडगावला जाते. दोघी शेजारी बसून जेवतात. दीपालीच्या खूप गोष्टी निघतात. ही एक गोष्ट सोडून.

मात्र त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी साडेतीनला पारमिताच्या घरचा फोन वाजतो. गुणाबाईचा असतो. मागे मागांची खटखट ऐकू येते.

"हाईस न्हवं गं?"

"हाय, मावशी."

"बरं." आणि फोन ठेवते.

आधी एकदाच यायचा. गेल्या महिन्यापासून तीन ते चारच्या मध्ये चार-चारदा यायला लागलाय. आणि परवाच्या शनिवारी, पारमिता सांगत होती, गुणाबाईनं पहिल्यांदाच आणखी एक गोष्ट विचारली.

"पोरगी कुठं हाय तुझी?"